दाखल्याची रिक्वेस्ट: एका तालुक्यातलं प्रकरण

नवऱ्याच्या मारहाणीतून दोन मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या एका बाईचं हे प्रकरण. नाव बदलून लिहिलं तरी तालुक्यात ओळख पटतेच, म्हणून नाव घेतच नाही. ती म्हणजे ती, मुलगी म्हणजे मोठी, मुलगा म्हणजे धाकटा. गाव, कारखाना, पोलीस ठाणं, शाळा, कशाचंच नाव देत नाही आणि सहज ओळखू येतील असे एकदोन तपशील मुद्दाम फिरवलेत. लिहू का म्हणून तिला आधी विचारलं, तर म्हणाली, "लिहा, पण शाळेचं नक्की लिहा." मी तालुक्याच्या महिला समुपदेशन केंद्रात काम करते आणि शाळेच्या त्या गोंधळात माझाही हात होता, त्यामुळे ते टाळून चालणार नाहीच.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातला ऊसपट्टा. ती 29 वर्षांची, लग्नाला 11 वर्षं झालेली, मोठी चौथीत, धाकटा अंगणवाडीत. नवऱ्याचा कर्जावर घेतलेला टेम्पो, भाड्याला फिरतो. तिचं माहेर बीडकडचं, आईवडील ऊसतोडीला येणारे. दिवाळी झाली की दोघं मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात आणि ती फिटेपर्यंत मधेच उठून जाता येत नाही. म्हणजे दिवाळीपासून मार्चपर्यंत तिच्या माहेराला कुलूप असतं आणि आईवडील दुसऱ्याच एका कारखान्याच्या फडात कोपीत राहतात. हे इतकं सविस्तर सांगते कारण तिला भेटलेल्या प्रत्येकाने पहिला सल्ला एकच दिला होता, "काही दिवस माहेरी जाऊन ये."

मारहाण लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासूनची. नवरा दारू पितो हे खरं, पण दारूने होतं सगळं असं गावात म्हणतात ते मला कधीच पटलं नाही, कारण पिऊन हा टेम्पोच्या फायनान्सवाल्याला कधी मारत नाही, बरोबर घरी आल्यावरच हात उठतो. फोन त्याच्या नावावर, सिम त्याच्या नावावर, तिच्या बँक खात्याला नंबर त्याचा. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये तिच्या खात्यात आले की मेसेज त्याला जायचा आणि एटीएम कार्डही त्याच्याच पाकिटात.

तिने आधी काहीच केलं नव्हतं असं नाही. दोनदा पोलीस चौकीत गेली, दोन्ही वेळा एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली, त्याला बोलावून समज दिली आणि सोडलं. एकदा गावच्या तंटामुक्ती समितीने बसवून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की "मी यापुढे पत्नीस मारहाण करणार नाही." हा कागद लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

2024 च्या दिवाळीनंतर ती सरकारी दवाखान्यात आली, "पायरीवरून पडले" म्हणून. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. पण बरोबर आलेल्या आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीच्या, लक्षात आलं की आवाज घोगरा झालाय, पाणी गिळताना तोंड वाकडं करतेय, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके दिसतायत. आशाताईंनी मला संध्याकाळी फोन केला, तोही घरातून नाही, गोठ्यात जाऊन, कारण त्यांचं आणि तिचं घर एकाच गल्लीत.

अडचण नक्की कुठे होती

गळा आवळलेला होता. ही गोष्ट आपल्याकडे बाकी मारहाणीसारखीच धरली जाते आणि तिथेच मोठी चूक होते. गळा आवळल्यावर बऱ्याचदा बाहेरून वळ दिसतच नाही, सूज आतून आणि काही वेळा उशिरा येते, आणि ज्या बाईचा गळा आधी एकदा आवळला गेलाय तिचा पुढे त्याच माणसाकडून जीव जायचा धोका कित्येक पटींनी वाढतो असं अभ्यासातून दिसलंय. दुसरं म्हणजे सगळ्यात धोक्याचा काळ मार खाताना नसतो, ती निघतेय हे त्याला कळतं तेव्हाचा असतो. म्हणजे "निघ तिथून" असं नुसतं सांगणं हा सल्लाच नाही, कधी आणि कसं निघायचं ते ठरवावं लागतं.

आणि सेवा नाहीत असंही नव्हतं. कागदावर सगळं आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी आहेत, 181 ही महिला हेल्पलाइन आहे, पोलिसांना बोलवायला 112 आहे, बायकांच्या तक्रारींसाठी पोलिसांचा भरोसा सेल जिल्ह्याला आहे, अशा बायांना एकाच जागी मदत आणि तात्पुरता आसरा देणारं वन स्टॉप सेंटर जिल्ह्याला आहे, बाईचं उत्पन्न न बघता फुकट वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण आहे. फक्त हे सगळं 60 किलोमीटरमध्ये विखुरलेलं, आणि एका दारातून दुसऱ्या दारात जाताना प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायचं. मला भेटली तेव्हा पहिलं वाक्य हे होतं, "ताई, मी हे सहाव्यांदा सांगतेय, आता माझं मलाच खोटं वाटायला लागलंय."

मुंबईत पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून 1984 मध्येच पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष काढला, 2000 च्या सुमाराला वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये मारहाण झालेल्या बायांसाठी दिलासा नावाचं केंद्र सुरू झालं, म्हणजे बाई जिथे आपणहून येते तिथेच मदत बसवायची ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकेत डुलुथ नावाच्या शहराने 1980 च्या दशकात पोलीस, कोर्ट, संस्था यांना एका पद्धतीने चालायला लावलं त्याचं नाव ट्रेनिंगमध्ये नेहमी घेतात. पण तालुक्याची एक गंमत आहे जी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. इथे सगळे एकमेकांचे पाहुणे असतात. चौकीतला होमगार्ड नवऱ्याच्या मावसभावाचा मेहुणा निघाला. म्हणजे जेवढे जास्त लोक आपण एकत्र आणू तेवढी मदत वाढते आणि तेवढीच बातमी फुटायची भोकंही वाढतात. या केसमधलं जवळजवळ प्रत्येक भांडण, आमचं आपापसातलं, याच मुद्द्यावर झालं.

कोणते पर्याय होते

माहेर बाद होतं, कारण सांगितलंच. भावाला फोन केला तर म्हणाला, तिचं घर आता तिकडेच.

पुन्हा समेट. गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांनी आपणहून सुचवलं. गळा आवळल्यानंतर समेटाला बसवायचं म्हणजे तिला परत त्याच खोलीत पाठवायचं, मी सरळ नाही म्हटलं. त्यांना राग आला, चालायचंच.

लगेच एफआयआर. नवऱ्याकडून आणि सासरकडून होणाऱ्या छळाचं जुनं 498अ कलम आता राहिलं नाही, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85. पोलीसताईंचं मत होतं की आजच करा, अटक झाली तर धाक बसेल. तिचं मत वेगळं, "दोन दिवसात सुटून येईल, मग मी कुठे?" या प्रश्नाला आमच्यात कोणाकडे उत्तर नव्हतं.

त्याच घरात राहून संरक्षण आदेश घ्यायचा, कायद्यात तशी सोय आहे, नवऱ्यालाच घराबाहेर काढायचा आदेशही कोर्ट देऊ शकतं. मला हा पर्याय तत्त्व म्हणून आवडतो, घर सोडायचं तर मारणाऱ्याने सोडावं. पण घर वाडीवर, मळ्यात, सगळ्यात जवळची पोलीस चौकी 14 किलोमीटर, सासरचे सगळे भोवती. तत्त्वासाठी तिला तिथे ठेवणं मला झेपलं नाही.

राहिलं वन स्टॉप सेंटर. तिथे साधारण पाच दिवस राहता येतं, पुढे शक्ती सदन, म्हणजे बायांसाठीचं सरकारी निवारागृह, जुनं स्वाधार गृह. पण त्यासाठी घर सोडावं लागणार, मोठीची शाळा मधेच तुटणार, आणि त्याला कळता कामा नये.

पहिला निर्णय: लगेच नाही, नऊ दिवसांनी

यावर आमची सगळ्यात मोठी वादावादी. संरक्षण अधिकारी मॅडम म्हणत होत्या, एक रात्रसुद्धा थांबू नका. ती म्हणत होती की पुढच्या गुरुवारी तो दोन दिवसांच्या भाड्याला जाणार आहे, तेव्हा निघते, आज निघाले तर रस्त्यातच गाठेल. शेवटी तिचं ऐकलं, कारण त्या माणसाबरोबर 11 वर्षं ती राहिलीय, आम्ही नाही. पण नऊ दिवस नुसते वाट बघत काढायचे नाहीत असं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी मेडिकल ऑफिसरांनी तिला "रक्त तपासायचंय" या निमित्ताने परत बोलावलं, गळ्याची नीट तपासणी केली, या वेळी तिने सांगितलेलं तिच्या शब्दात लिहिलं आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाला चालणारी दवाखान्याची नोंद, केली. जिल्ह्याच्या हॉस्पिटलला कान नाक घसावाल्यांकडे पाठवलं. कागदपत्रं, म्हणजे आधार, मुलांचे जन्माचे दाखले, लग्नपत्रिका, तो स्टॅम्प पेपर, एकेक करून बचत गटाच्या पेटीत गेली, कारण गटाच्या मीटिंगला जाताना पिशवी कोणी तपासत नाही. ही आयडिया तिची. आम्ही सगळे शिकलेले लोक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा वगैरे सांगत होतो, फोन नवऱ्याचा आहे हे विसरून.

आशाताईंचं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही हेही तेव्हाच ठरलं. त्यांना त्याच गल्लीत राहायचंय. सुरुवात दवाखान्यातून झाली असंच सगळीकडे नोंदवलं, आणि माझ्या मते पूर्ण केसमधला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

दुसरा निर्णय: एक वही

तिने सातव्यांदा सांगायचं नाही, हे मी डोक्यात घेतलं होतं. केंद्रात दुपारी एक बैठक घेतली, मी, संरक्षण अधिकारी, विधी सेवाच्या वकीलताई, महिला हवालदार आणि डॉक्टर. एवढे पाचच. सगळ्यांनी आपापलं लिहून घेण्याऐवजी एकदाच, तिच्यासमोर, तिला थांबवत विचारत डीआयआर, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला घटनेचा अहवाल, भरला, त्यावरून वकीलताईंनी त्याच कायद्याच्या कलम 12 चा, म्हणजे कोर्टाकडे संरक्षण मागायचा, अर्ज केला, त्यावरूनच पोलिसांचा जबाब झाला. तारखा एकमेकांशी जुळल्या, जे एरवी कधीच जुळत नाही आणि समोरचा वकील नेमकं तिथेच धरतो.

माझ्याकडे एक साधी शंभर पानी वही. डाव्या पानावर कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, उजव्या पानावर कोणाला काय माहीत आहे. उजवं पान महत्त्वाचं. तिचा राहायचा पत्ता त्या पानावर फक्त तिघांच्या नावापुढे होता. डॉक्टरांना पत्ता लागत नाही, मग त्यांना सांगायचाच नाही, यात अविश्वास वगैरे काही नाही. हवालदार मॅडम पहिल्यांदा यावर नाराज झाल्या, मग होमगार्डचं नातं कळल्यावर गप्प बसल्या.

काय केलं आणि कुठे फुटलं

गुरुवारी सकाळी ती धाकट्याला डोस द्यायचाय म्हणून निघाली, मोठीला शाळेतून घेतलं, आमची गाडी दवाखान्याच्या मागे. संध्याकाळी वन स्टॉप सेंटर, सहाव्या दिवशी शक्ती सदन. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे.

पहिली चूक आधारची. तिला नवीन खातं उघडून द्यायचं होतं, म्हणजे सरकारी पैसे त्या खात्याला जोडता येतील. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने वेळ वाचावा म्हणून सेवा केंद्रात ई-आधार काढायचा प्रयत्न केला. ओटीपी कोणाला गेला? नवऱ्याला. तोपर्यंत तो बायको आईबापाकडे गेली असेल असं समजून शांत होता, त्या मेसेजवरून कळलं की हिचं काहीतरी सरकारी काम चाललंय, म्हणजे कोणीतरी पाठीशी आहे. खरं तर आधी आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन मोबाईल नंबर बदलायचा आणि मगच बाकीचं, हा साधा क्रम होता. नंतर तसंच केलं आणि पोस्टाच्या बँकेत खातं उघडून आधार त्याला जोडलं.

त्याच रात्री तो तिच्या आईवडिलांच्या कोपीवर गेला. फडातल्या कोपीला दार नसतं. म्हाताऱ्याला ढकललं, शिवीगाळ केली, टोळीतल्या बाकीच्यांनी कोयते उचलले तेव्हा निघाला. आमच्या वहीत तिची सुरक्षितता होती, मुलांची होती, आईवडिलांची एक ओळ नव्हती. मुकादमाशी आधी बोललो असतो तर निदान त्यांना सावध तरी केलं असतं.

कोर्टाने तिसऱ्या तारखेला, म्हणजे जानेवारीत, अंतरिम आदेश दिला. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तो स्टॅम्प पेपर इथे उपयोगी पडला. "यापुढे मारणार नाही" म्हणजे आधी मारत होतो हे त्याने स्वतःच्या सहीने कबूल केलेलं, पंचांच्या साक्षीसकट. वकीलताईंनी तो कागद पुढे केला तेव्हा समोरचे वकील दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. आदेशात मारहाण बंद, संपर्क बंद, मोठीच्या शाळेच्या आवारात यायचं नाही, आणि दरमहा 6000 रुपये.

आता शाळा. मोठीला नवीन शाळेत घालताना आम्हाला हे माहीत होतं की शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापिका बाईंना मी स्वतः भेटून सांगितलं, त्यांनी लगेच घेतलं, वर बाकीच्या मुलींना काही कळू दिलं नाही. पण जानेवारीच्या शेवटी शाळेच्या क्लार्कने रोजच्या कामाच्या ओघात ऑनलाइन पोर्टलवरून जुन्या शाळेला विद्यार्थी ट्रान्सफरची रिक्वेस्ट पाठवली. त्यात नवीन शाळेचं नाव असतंच. जुन्या शाळेचे गुरुजी भला माणूस, बापाला बाजारात भेटल्यावर काळजीनेच म्हणाले, "अहो, पोरीचा दाखला अमुक शाळेने मागितलाय, तिकडेच आहे होय?"

दोन दिवसांनी तो मधल्या सुट्टीत गेटवर. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी अनोळखी माणूस बघून हटकलं, मोठीने लांबून पाहिलं आणि धावत वर्गात जाऊन बाकाखाली बसली. बाईंनी 112 लावला. पोलीस आले. पण गेटवर आलेले पोलीस दुसऱ्या ठाण्याचे, आणि आदेशाची प्रत आम्ही फक्त तिच्या सासरच्या ठाण्यात दिलेली! त्यांच्याकडे काहीच कागद नाही, समोर बाप म्हणतोय माझ्या मुलीला भेटायला आलोय, त्यांनी नाव लिहून घेऊन सोडून दिलं. आदेश मोडणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद, 20,000 पर्यंत दंड, आणि आमच्याकडे साधी झेरॉक्स योग्य ठाण्यात नव्हती. गुन्हा दाखल व्हायला अजून दोन दिवस गेले. ते दोन दिवस ती शक्ती सदनच्या खिडकीपासून हलली नाही.

काय झालं

आदेश मोडल्याबद्दल त्या कायद्याच्या कलम 31 खाली गुन्हा नोंदवल्यावर तो खरंच थंडावला, गळा आवळल्याच्या प्रकरणात एफआयआर पण तिने मग स्वतः दिली. दोषारोपपत्र गेलंय, केस चालू आहे. पोटगीचे पैसे तीन महिने आले, मग थांबले, वसुलीचा अर्ज टाकलाय. आईवडील मार्चमध्ये गावी परतले, आई येऊन महिनाभर राहिली. ती आता एका गारमेंट युनिटमध्ये शिलाईवर आहे, खोली घेतलीय, अजून एक शेजारीण मैत्रीण आहे जी मोठीला शाळेतून आणते.

सगळं सरळ झालं नाही. होळीच्या दिवशी तिने शेजारणीच्या फोनवरून त्याला फोन केला. धाकटा सारखा बापाची आठवण काढत होता आणि तिलाही, तिच्याच शब्दात, "11 वर्षं काय सगळीच वाईट नव्हती." मला कळल्यावर मी बोलून गेले, मग आम्ही एवढं केलं ते कशाला. पुढचे 15 दिवस तिने माझा फोन उचलला नाही. त्या 15 दिवसांत तिला काही झालं असतं तर तिने आम्हाला कळवलं नसतं, आणि त्याचं कारण मी असते.

आता वेगळं काय करू

तिचा फोन, आधारचा नंबर, बँकेचा नंबर, गॅसचा, शाळेच्या ग्रुपचा, हे सगळं कोणाच्या हातात आहे याची यादी घर सोडायच्या आधी करते. पूर्वी ही आमच्या फॉर्ममध्ये नव्हतीच.

आदेश मिळाला की त्याच दिवशी तीन झेरॉक्स, सासरचं ठाणं, राहतं ठाणं, शाळेचं ठाणं, पोच घेऊन. एक प्रत तिच्या पर्समध्ये प्लास्टिकमध्ये.

शाळेत फक्त मुख्याध्यापकांना सांगून भागत नाही हे कळलं, पण सगळ्या शाळेला सांगितलं तर गावाला सांगितल्यासारखंच. हल्ली मी क्लार्कला भेटते आणि एवढंच सांगते की या मुलीचं पोर्टलवरचं काहीही आमच्या पत्राशिवाय करू नका, कारण विचारू नका. कारण न विचारता ऐकणारे क्लार्क सापडतात, अनुभव चांगला आहे. जुन्या शाळेच्या गुरुजींना आधीच जाऊन भेटावं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मी म्हणते भेटावं, वकीलताई म्हणतात भेटलो तर त्यांच्या डोक्यात विषय आपणच घातला.

नऊ दिवस थांबण्याचा निर्णय आजही मी तोच घेईन, पण त्या नऊ रात्री मला झोप लागली नव्हती हेही लिहिते, कारण तो निर्णय चुकला असता तर हे प्रकरण मी वेगळ्या मथळ्याखाली लिहिलं असतं.

आणि ती बैठक दर महिन्याला व्हावी म्हणून आम्ही पत्र दिलं होतं. दोनदा झाली, मग हवालदार मॅडमची बदली झाली. नवीन आलेल्यांना वही दाखवली, त्यांनी उजवं पान बघून पहिला प्रश्न विचारला, "यात माझं नाव कुठे?" म्हटलं, केस आली की लिहू.

मोठी आता पाचवीत गेली. पोर्टलवर ती दाखल्याची रिक्वेस्ट अजून पेंडिंगच दिसते, गुरुजींनी ना मंजूर केली ना नाकारली. मी विचारलं तर म्हणाले, राहू दे ताई, मी आता त्या बटणाला हातच लावत नाही.